कमी खाते, तापत नाही

पुस्तककाकूंचं खरं नाव शाळेतल्या एकाही पोराला माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलंही नाही. शाळा अंध मुलांची. काकू घरी बसून पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचायच्या, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायच्या, आणि मुलं ती ऐकून अभ्यास करायची. इतिहासातल्या लढाया, भूगोलातले वारे, अर्थशास्त्रातली मागणी आणि पुरवठा, सगळं त्या पोरांच्या डोक्यात काकूंच्याच आवाजात बसलेलं. काकू कधी शाळेत गेल्या आणि 'काय रे, जेवलात का?' एवढंच म्हणाल्या तरी एखादं आगाऊ कार्टं विचारायचं, 'काकू, हे कितवं प्रकरण?' आणि सगळा वर्ग खिदळायचा. काकूही हसायच्या. घरी एवढं हसायला मिळत नव्हतं.

नवऱ्याचं नावही असंच मागे पडलेलं. त्याला सगळा बाजार कानसेन म्हणायचा, आणि ते ऐकून त्याची छाती फुगायची. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बिघडलेलं यंत्र आलं की हा स्क्रू ड्रायव्हर नंतर उचलायचा. आधी हार्ड डिस्क काढायची, रबराच्या तुकड्यावर ठेवायची, वीज जोडायची आणि तिच्यावर वाकून कान लावायचा. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग निकाल लागायचा. हेड गेलंय. मोटर जड झालीय. हिला काही धाड भरलेली नाही, तुमची वायर ढिली आहे. आणि खोटं कशाला बोला, बहुतेक वेळा निकाल बरोबर निघायचा. तपासणीचे प्रोग्रॅम वापरणाऱ्या पोरासोरांना तो हसायचा. म्हणायचा, रोग्याशी बोलायचं सोडून हे कागद वाचत बसतात.

बाहेर असा दरबार भरायचा, आणि प्लायवूडच्या पार्टिशनच्या आत काकूंचं काम चालायचं. दारावर जाड गोधडी टांगायची, खिडकी लावायची, पंखा बंद, फ्रिज बंद. घामाने निथळत बसायचं आणि वाचायचं. एकदा शाळेतले सर म्हणाले, ताई, तुमच्या आवाजामागे सारखं काहीतरी घोंगावतं. सर स्वतः अंध. टाचणी पडली तरी त्यांना कुठल्या टाइलवर पडली ते कळावं, असे. काकूंनी घरी येऊन शोध घेतला तेव्हा कळलं की घोंगावणारी ती कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क. पार्टिशनच्या आत एवढंसं टेबल, त्याच्याखाली कॉम्प्युटर, वर माइक. आवाज जाणार कुठे?

तेव्हा कानसेनने एक चांगली गोष्ट केली. ती त्याच्या खात्यावर मांडायलाच हवी, कारण दुसरी फारशी सापडत नाही. बाजारात तेव्हा कमी विजेवर चालणारी हार्ड डिस्क नवीनच आली होती, घरगुती कॉम्प्युटरसाठी बनवलेली. ती त्याने काकूंसाठी आणली. टेबलाखाली मांडी घालून बसवली आणि बसवता बसवता समजावून सांगितलं. डिस्कच्या पोटात आरशासारख्या तबकड्या असतात. नेहमीच्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला सात हजारांवर गिरक्या घेतात. ही बाई पाच-साडेपाच हजारांत भागवते. गिरक्या कमी म्हणून वीज कमी, वीज कमी म्हणून ताप नाही, घरघरही नाही. काम नसलं की वाचणारं हेड तबकडीवरून उचलून बाजूला नेऊन ठेवते. तेव्हा बारीक 'टुक' होतं, तेवढं सोडून दे. थोडा वेळ कोणी हाक मारली नाही तर गिरक्याही थांबवून झोपते, आणि हाक मारली की उठायला जरा वेळ घेते. धावायला जरा मंद, पण तुझ्या वाचनाला धावायचंय कुठे? 'हात लाव,' संध्याकाळी तो म्हणाला. काकूंनी हात लावला. दिवसभर चालूनही डिस्क गार होती. लग्नानंतर नवऱ्याने आपल्या कामाकडे बघून आणलेली ही पहिलीच वस्तू, आणि काकूंना भरून आलं. पुढे कितीतरी वर्षं त्या टेबल पुसताना खालचा कॉम्प्युटरचा डबाही पदराने पुसायच्या.

पण कानसेन तो कानसेनच. चार दिवसांत त्याने त्या मॉडेलचा विनोद केला. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, 'बायको असावी तर या डिस्कसारखी. कमी खाते, तापत नाही, आवाज करत नाही.' गिऱ्हाईक हसायचं. पार्टिशन प्लायवूडचं, आत काकूंना शब्दन्‌शब्द ऐकू यायचा. एकदा वाचन चालू असतानाच तो विनोद रेकॉर्ड झाला आणि काकूंना भूगोलाचं अख्खं पान पुन्हा वाचावं लागलं. त्यावर त्या बोलल्या असत्या तर पुढच्या गिऱ्हाइकाला तो सांगणार होता की मॉडेल बिघडलं.

त्याने तेच मॉडेल मग ज्याच्या त्याच्या गळ्यात मारलं. सगळ्यांचं म्हणणं एकच: काय डिस्क आहे, चालू आहे की बंद तेच कळत नाही. आणि इथेच घात झाला. कारण त्याच सुमारास कानसेनचे कान जायला लागले होते. आधी बारीक आवाज गेले, मग त्याहून मोठे. पण ज्या डिस्कचा आवाज कोणालाच येत नाही, तिचा आपल्याला आला नाही तर माणसाला संशय तरी कसा यावा? जुन्या घरघरणाऱ्या डिस्क दुकानात येईनाशा झाल्या. नव्यांवर हा वाकायचा, काही ऐकू आलं नाही की खूश व्हायचा. म्हणायचा, यंत्रं सुधारली बघा.

काकूंना मात्र कळलं होतं. दाराची बेल वाजून वाजून माणूस परत जायचा. टीव्ही एवढा मोठा की शेजारीण भिंत ठोकायची. गिऱ्हाइकाने काय विचारलं ते न कळून हा भलतंच उत्तर द्यायचा, आणि आतून काकू मुद्दाम मोठ्याने प्रश्न पुन्हा उच्चारायच्या, जणू त्यांनाच त्यात रस आहे. अशा त्या त्याचं झाकत राहिल्या. कानसेनला 'तुमचे कान गेले' म्हणणं म्हणजे पैलवानाला पांगळा म्हणण्यासारखं. तो घर डोक्यावर घेईल, नाहीतर कोपऱ्यात बसून राहील. काकूंना दोन्हीची भीती वाटायची. आणि खरं सांगायचं तर थोडी दयाही यायची. त्या दयेनेच पुढे त्यांचं वाटोळं केलं.

त्या वर्षी शेवटच्या इयत्तेचा अभ्यासक्रम बदलला. ब्रेलमधली पुस्तकं छापून यायला वेळ लागणार होता, आणि परीक्षा काही थांबणार नव्हती. सरांनी काकूंना गाठलं. तीन जाडजूड पुस्तकं, आणि त्यांच्यावर अख्ख्या वर्गाची भिस्त. त्या वर्गात एक मुलगी होती, सगळ्यांवर हुकूम सोडणारी, म्हणून तिला मॉनिटरच म्हणायचे. ती पास झाली तर शिक्षिका व्हायचं शिक्षण घेणार होती. नापास झाली तर घरचे तिला परत नेणार होते, आणि परत नेणं म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. ती काकूंना फोन करून दरडावायची, 'काकू, अर्थशास्त्र कुठवर आलं? मला सगळं एकदम पाहिजे.' काकूंचीही रीत तीच. पुस्तक पुरं वाचायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः ऐकायचं, चुका दुरुस्त करायच्या आणि मगच हातावेगळं करायचं. अर्धवट द्यायचं नाही. त्यातून घसा एकाच विषयाला कंटाळू नये म्हणून तिन्ही पुस्तकं एकदम चाललेली. परीक्षा जवळ आली तेव्हा तिन्ही संपत आली होती, आणि तिन्ही त्या एका डिस्कवर होती.

आणि एक दिवस हेडफोनमध्ये काकूंना खरखर ऐकू आली. अगदी बारीक. कोणी नखाने पत्रा खरवडावा तशी, मधूनच.

त्यांनी टेबलाखाली कान नेला. तिथेही तीच. तेव्हा बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं की डिस्क आवाज करतेय. तो हसत आला. टेबलाखाली वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. उठून म्हणाला, काही नाही. काकू म्हणाल्या, आत्तासुद्धा येतोय. तो म्हणाला, टुक होत असेल, हेड बाजूला ठेवते ती, मी सांगितलं नव्हतं का? काकू म्हणाल्या, टुक नाही हो, खरखर. मग त्याने हेडफोन लावून त्यांचं ताजं वाचन ऐकलं आणि निकाल दिला, 'हा तुझा श्वास आहे. वय झालं, धाप लागते.'

आता बघा माणसाचं मन कसं असतं. ज्या बाईचं सगळं आयुष्य ऐकण्यात आणि ऐकवण्यात गेलं, जिला चांगलं ठाऊक होतं की हा माणूस आता दाराची बेलसुद्धा ऐकत नाही, तिनेच पुढचा आठवडाभर श्वास कोंडून वाचून पाहिलं. स्वल्पविरामापाशी श्वास घ्यायचा नाही, पूर्णविरामापर्यंत ओढायचं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण खरखर तशीच राहिली.

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो चिडला. म्हणाला, आजारी डिस्क तापते, ही बघ, हात लाव, गार आहे की नाही? गार होतीच. ती मरेपर्यंत गारच राहणार होती, बनवलीच तशी होती. पण हे त्या कारागिराच्या डोक्यात येऊ नये? काकू म्हणाल्या, निदान दुसऱ्या डिस्कवर उतरवून तरी घेऊ. तुमच्या दुकानात ढिगाने पडल्यात. त्यावर तो म्हणाला की धडधाकट माणसाचं मृत्युपत्र करायचं नसतं, आणि विषय संपला.

काकूंनी मग स्वतःच करायचं ठरवलं. तो सामान आणायला गेला तेव्हा त्यांनी पेन ड्राइव्ह लावला आणि अर्थशास्त्राच्या सगळ्यात ताज्या प्रकरणापासून उतरवायला सुरुवात केली, कारण तेच सरांना आधी तपासायला हवं होतं. डिस्क अडखळत होती. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. टेबलाखाली खरखर चाललेली. एक प्रकरण उतरलं. दुसरं अर्ध्यावर आलं तेव्हा कानसेन दारात उभा. काय चाललंय ते त्याला एका नजरेत कळलं. डोळे शाबूत होते. त्याने पुढे येऊन पेन ड्राइव्ह उपटला आणि टेबलावर टाकला.

'सगळा बाजार माझ्यावर विश्वास ठेवतो,' तो म्हणाला. 'घरातच नाही.'

मग दोन दिवस अबोला. जेवणाचं ताट तसंच ठेवायचा. काकूंना वाटलं, जाऊ दे, एवढंच उरलंय त्याच्यापाशी. तो पेन ड्राइव्ह त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेत पोचवला, एकच प्रकरण म्हणून सरांची माफी मागितली, आणि बाजारातल्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याच्या दारावरून तशाच घरी आल्या. त्याची पाटी त्यांनी नीट वाचली होती. आत जाऊन नुसतं 'माझी डिस्क बघा' म्हणायचं होतं. पण कानसेनच्या बायकोने डिस्क दुसऱ्याकडे न्यायची? संध्याकाळच्या आत बाजारभर झालं असतं. त्याची अब्रू राखायची म्हणून काकूंनी स्वतःचं वर्षाचं काम वाऱ्यावर सोडलं, आणि याबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला, पण पुस्तकं दिसेनात. टेबलाखाली आता खरखर नव्हती, सरळ ठोके पडत होते. शेजारीण दार उघडून विचारून गेली की खिळे ठोकताय का. कानसेन टेबलाशेजारी उभा राहून म्हणाला, झोपेतून उठायला वेळ घेते ही, थांब जरा. आणि वीज चालू ठेवून तो पुढे दुकानात जाऊन बसला. काकूंनी तेव्हाच बटण बंद करायला हवं होतं. त्या स्टुलावर बसून ते ठोके ऐकत राहिल्या, कारण इतक्या वर्षांत त्या टेबलाखालच्या वस्तूंना हात लावायची परवानगी फक्त पदराने पुसण्यापुरती होती. सकाळभर ठोके पडत राहिले, मग बंद झाले.

दुपारी त्याने डिस्क उघडली. तबकडीवर गोल चर पडला होता, आणि आत काजळीसारखी भुकटी. ती भुकटी म्हणजे इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र. कानसेनचा चेहरा उतरला होता हे काकूंनी पाहिलं, आणि क्षणभर त्यांना वाटलं की आता हा बोलेल, चुकलो म्हणेल. तो म्हणाला, 'हे मॉडेलच घुमं. आवाजच करत नाही, तर कोणाला कळणार?'

शाळेत सांगायला तो स्वतः बरोबर आला. बायको काय सांगेल याची धास्ती असावी. सरांच्या खोलीत बसून त्याने कमी विजेच्या डिस्कवर भाषणच दिलं: गिरक्या कमी, ताप नाही, आवाज नाही, म्हणजे रोग पोटात वाढतो आणि जगातल्या कुठल्याही कानाला पत्ता लागत नाही. काकू खाली मान घालून बसल्या होत्या. दाराशी मॉनिटर उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायचं धैर्यही कोणाला होत नव्हतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'पण ताई, तुम्ही दिलेल्या प्रकरणात मागे खरखर आहे. मुलांनीसुद्धा विचारलं. मला वाटलं, तुम्हाला घरी माहीत असेल.'

आणि त्यांनी कॉम्प्युटरवर ते प्रकरण लावलं. काकूंचा आवाज खोलीत आला, महागाई म्हणजे काय ते समजावणारा, आणि त्याच्याखाली, स्पष्ट, ती खरखर. मॉनिटरने मान वळवली. सरांनी आवाज वाढवला. कानसेनने खुर्ची पुढे ओढली, दुकानात लावायचा तसा स्पीकरला कान लावला आणि डोळे मिटून घेतले. सगळे त्याच्या निकालाची वाट बघत थांबले. प्रकरण पुढे चाललं. शेवटी सरांना वाटलं असावं की पुरे झालं. त्यांनी चाचपून कळ दाबली आणि ते बंद केलं.

खोलीत काही म्हणजे काही वाजत नव्हतं. कानसेन डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून, स्पीकरवर तसाच वाकलेला. मग तो हळूहळू मान हलवायला लागला.

'हो,' तो म्हणाला. 'आहे. आत्ता येतेय बघा, बारीकशी. पण ही डिस्कची नाही. पंख्याची आहे.'

सर कळीवर बोट ठेवून बसून राहिले. मॉनिटरच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने लगेच तोंड दाबलं. कानसेनने डोळे उघडले आणि बायकोकडे पाहिलं, नेहमी गिऱ्हाइकाकडे बघायचा तसं, मान डोलावण्याची वाट बघत. काकू उठल्या. त्याच्या अगदी जवळ गेल्या आणि ज्या आवाजात त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या त्या आवाजात, खच्चून म्हणाल्या, 'ते कधीच बंद केलंय. तुम्हाला ऐकू येत नाही!'

शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा कालवा थांबला. कानसेनने हे ऐकलं, यात शंका नाही. पण तो उठला, शर्ट नीट केला आणि सरांना म्हणाला की हिला पुस्तकं गेल्याचा फार धक्का बसलाय, तिचं मनावर घेऊ नका.

सरांनी चार जणांना धरून घाईघाईने जमेल तेवढं वाचून घेतलं. ते पुरलं नाही. मॉनिटर दोन विषयांत राहिली आणि निकालानंतर तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. जाताना ती काकूंना भेटायला थांबली नाही. का थांबावं तिने?

काकू आता शाळेच्या सामानाच्या खोलीत बसून वाचतात. पहिल्या पानापासून पुन्हा. रोज वाचून झालं की तीन ठिकाणी उतरवून ठेवतात आणि मगच उठतात. कानाच्या डॉक्टरकडे चला असं त्यांनी नवऱ्याला एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. दुकान अजून चालू आहे, गिऱ्हाईक कमी येतं.

संध्याकाळी त्या घरी आल्या की तो विचारतो, आज काय वाचलंस? काकू उत्तर देतात, पण आवाज चढवत नाहीत. आधी खरंच काय वाचलं ते सांगायच्या. हल्ली भाकरी थापता थापता, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, त्याच शांत आवाजात त्याच्याविषयी वर्षानुवर्षं मनात साठलेलं एकेक सांगतात: त्या मुलीचं काय केलंस, माझं काय केलंस, तुझ्याबरोबर राहून मी काय झाले. पूर्णविराम, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी. तो त्यांच्या ओठांकडे बघत असतो. त्या थांबल्या की मान डोलावतो आणि म्हणतो, 'छान. छान वाचलंस.'